उदासी, ताण आणि औषधाविना उपाय : कृती, प्रमाण, आणि कुठे फसतं (अनुभव नकोत, तपशील हवेत)

आडवाट

मन उतरलेलं असताना काय करावं यावर धागा निघाला की प्रतिसाद भरपूर येतात, पण शेवटी हाती राहतं ते 'ध्यान करा, निसर्गात जा, सकारात्मक राहा'. किती मिनिटं, दिवसाच्या कुठल्या वेळी, आणि करताना उलट जास्तच घाबरायला झालं तर काय, हे कोणी लिहीत नाही. म्हणून इथे एकच अट: उपाय लिहिलात तर कृती लिहा, प्रमाण लिहा, तो कुठे फसतो तेही लिहा. 'माझ्या आत्याला फरक पडला' यासाठी वेगळा धागा काढू.

आधी कुंपण घालून ठेवतो. उदासी किती आहे ते मोजणारी 'पीएचक्यू-९' नावाची प्रश्नावली मराठीत उपलब्ध आहे. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा जास्त आली तर डॉक्टरांना दाखवा, या धाग्यातले उपाय त्यांच्या जोडीने करा. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर बेरीज करत बसू नका, १४४१६ लावा. ही टेली-मानसची सरकारी सेवा आहे. चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

निळी शाई

मग पहिल्यांदा दिवसाच्या आखणीचं लिहिते, कारण लोक जडीबुटीपासून सुरुवात करतात आणि जे पहिलं हवं ते राहून जातं.

उदास माणूस हळूहळू एकेक गोष्ट सोडत जातो. फिरणं सुटतं, फोन उचलणं सुटतं, मग आंघोळ उशिरा होते. सोडलं की त्या क्षणी बरं वाटतं, म्हणून आणखी सुटतं. पण दिवसात मन वर यायला कारणच उरत नाही. ही साखळी उलटी फिरवण्याला बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात. गोव्यात 'संगत' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत हाच उपाय 'हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम' या नावाने तपासून पाहिला. उपचार देणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले स्थानिक समुपदेशक होते. भेटी ६ ते ८. १० केंद्रांतले ४९५ रुग्ण होते आणि तेही किरकोळ उदासीचे नव्हेत. निकाल २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले: ज्यांना या भेटी मिळाल्या त्यांची उदासी तीन महिन्यांनंतर नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा कमी होती.

घरी करायचं तर असं:

पहिला आठवडा काहीही बदलू नका, फक्त नोंद ठेवा. वहीत दिवसाचे दोन-दोन तासांचे रकाने पाडा. त्या वेळात काय केलं ते चार शब्दांत आणि मन कसं होतं ते ० ते १० मध्ये. रात्री एकदम भरू नका. उदासीत आठवणही काळवंडते आणि दिवसभराला सरसकट २ लिहिलं जातं. जेवणाच्या वेळांना तीनदा भरलंत तर चालेल.

दुसऱ्या आठवड्यात वहीत बघा, मन ३ वरून ४ वर कधी गेलं? एवढीशी चढणही पुरे. त्यावरून तीन कामं निवडा. त्यात एक तरी आवडीचं आणि एक तरी 'झालं एकदाचं' वाटायला लावणारं हवं, म्हणजे वीजबिल, कपाटाचा एक खण, राहिलेला फोन. प्रत्येकापुढे वार, वेळ आणि जागा लिहा. 'व्यायाम करेन' असं लिहिलं की ते होत नाही. 'मंगळवारी सकाळी ७ वाजता चपला घालून कोपऱ्यावरच्या दूधकेंद्रापर्यंत आणि परत' हे होतं.

फसतं ते मुख्यतः दोन ठिकाणी. काम मोठं निवडलं जातं, म्हणून जेवढं ठरवलंत त्याचं निम्मं करा आणि तेही जड वाटलं तर आणखी निम्मं. आणि दुसरं, 'मूड आला की करू'. मूड कामाच्या नंतर येतो, तोही तिसऱ्या-चौथ्या खेपेला. म्हणून खूण करायची ती केलं की नाही याची. बरं वाटलं की नाही याची नव्हे.

पारवा

वाचनखूण साठवली. पण चालायला गेलं आणि अर्धा तास डोक्यात तेच दळण दळलं जात असेल तर?

निळी शाई

चांगला प्रश्न, कारण पायांनी फिरायचं आणि डोक्याने घरीच बसायचं हे फार होतं. दोन मिनिटांची कसोटी लावा. तोच विचार दोन मिनिटं केल्यावर एखादं पुढचं पाऊल किंवा निर्णय हाती आला का? आला असेल तर विचार चालू ठेवा. नसेल तर ते दळण आहे. मग लक्ष जाणूनबुजून बाहेर न्यायचं: टाच कधी टेकते, डाव्या हाताला कुठली दुकानं आहेत, किती आवाज ऐकू येतात. लक्ष पुन्हा आत जाणारच, दर वेळी परत आणायचं. विचार हाकलायचा नाही, त्याने तो घट्ट बसतो.

काळजीचं दळण असेल तर तिला वेळ नेमून द्या. संध्याकाळी २० मिनिटं, ठरलेल्या खुर्चीत, कागद घेऊन. दिवसभरात आलेली काळजी एका ओळीत टिपायची आणि त्या वेळेवर ढकलायची. झोपण्याच्या आधीच्या दोन तासांत ही वेळ ठेवू नका. अंथरुणात तर नकोच.

ओसरी

निळी शाई ताई, हे सगळं ज्याच्या हातात स्वतःची वेळ आहे त्याच्यासाठी झालं. सकाळी पाचपासून डबे, सासूबाईंची औषधं, मुलांची शाळा, नोकरी. या बाईच्या रकान्यात कामंच कामं आहेत आणि तरी मन २ वर आहे. तिने आणखी तीन कामं कुठे घालायची?

निळी शाई

घालायची नाहीत, काढायची. तिची वही भरली की त्यात मन वर नेणारं काहीच नसतं, हे तिला आणि घरच्यांना कागदावर दिसतं. वहीचा खरा उपयोग तिथे. मग एकच रकाना मोकळा करायचा, १५ मिनिटांचा, आणि तो कोणाच्या हवाली होणार ते नावानिशी ठरवायचं. 'मला थोडी मदत करा' यावर सगळे हो म्हणतात आणि कोणी उठत नाही. 'सोमवार, बुधवार, शुक्रवार रात्रीची औषधं तुम्ही द्यायची' याला हो किंवा नाही असं उत्तर येतं. गोव्याच्या त्या कार्यक्रमातही नुसती कृतींची यादी नव्हती. अडचणी सोडवणं आणि आसपासच्या माणसांना सोबत घेणं हा त्याचाच भाग होता. जिथे घरात मारहाण किंवा दारू आहे तिथे मात्र आखणीची वही पुरेशी नाही, आधी सुरक्षितता.

दमसास

श्वासाबद्दल लिहितो. 'दीर्घ श्वास घ्या' हा सल्ला अर्धवट आहे आणि कधी कधी उलटतो.

घाबरलेल्या माणसाचा श्वास आधीच जास्त चाललेला असतो. त्याला आणखी मोठे श्वास घ्यायला लावले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. मग ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, गरगरतं, छाती आवळते, आणि त्याला वाटतं आता हार्ट अ‍ॅटॅकच येणार. तेव्हा श्वास मोठा नको, सावकाश हवा, आणि सोडणं घेण्यापेक्षा लांब हवं.

खुर्चीत टेकून बसा, पाय जमिनीवर, एक हात बेंबीच्या वर. नाकाने ४ मोजेपर्यंत घ्या, ६ मोजेपर्यंत सोडा. मिनिटाला ६ श्वास झाले. घेताना पोट हलायला हवं, खांदे नाहीत. ५ मिनिटं, दिवसातून दोनदा. ४-६ जड गेलं तर ३-४ ने सुरू करा, आठवड्याने वाढवा. जेवणानंतर लगेच नको. मध्ये श्वास रोखून धरू नका, कुंभक हा शिकवणाऱ्यासमोर करायचा प्रकार आहे.

दुसरा प्रकार: नाकाने एक श्वास घ्यायचा, तो भरत आला की वर आणखी एक छोटासा, आणि मग तोंडाने सावकाश पूर्ण सोडायचा. २०२३ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी रोज ५ मिनिटं याप्रमाणे महिनाभर हा प्रकार, इतर दोन श्वसनप्रकार आणि ध्यान यांची तुलना केली. मूड सुधारण्यात हा लांब उच्छ्वासाचा प्रकार पुढे राहिला. प्रयोग लहान होता, तेव्हा डोक्यावर घेऊन नाचायला नको.

भ्रामरी चांगली, कारण गुंजन करताना उच्छ्वास आपोआप लांबतो. तिने नाकातला नायट्रिक ऑक्साइड वाढतो हेही खरं, पण व्हॉट्सॲपवर त्यावरून जे मजले चढवले जातात त्यांचा उदासीशी संबंध नाही. कपालभाती आणि भस्त्रिका घबराटीच्या वेळी अजिबात नको. रक्तदाब, गरोदरपण, अपस्मार, हर्निया असेल तर एरवीही नको.

एक महत्त्वाचं. काही लोकांना श्वासाकडे लक्ष दिलं की जास्तच घाबरायला होतं. त्यांनी तो हट्ट सोडावा. त्यांच्यासाठी एडमंड जेकबसन यांची स्नायू सैलावण्याची पद्धत आहे. मुठीपासून सुरुवात करा, ५ ते ७ सेकंद आवळा (पूर्ण ताकदीने नव्हे, साधारण पाऊण), मग एकदम सोडा आणि २०-३० सेकंद फक्त फरक बघा. मग दंड, कपाळ, जबडा, खांदे, पोट, मांड्या, पोटऱ्या. पोटऱ्यांना पेटका येतो, तिथे पंजा पुढे ताणण्याऐवजी बोटं स्वतःकडे ओढा. सगळं मिळून १५ मिनिटं. लोक आवळण्यावर भर देतात आणि सोडल्यानंतरचे सेकंद घाईत उडवतात. शिकायचं असतं ते नेमकं त्या सेकंदांत.

ध्रुवाखाली

उत्तर युरोप, कॅनडा वगैरे भागांतल्या मराठी मंडळींसाठी. इथे स्टॉकहोममध्ये डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा. ऑक्टोबरपासून झोप वाढणं, गोड-पिठूळ खावंसं वाटणं, वजन वाढणं आणि वसंतात आपोआप बरं होणं, असा नमुना दरवर्षी दिसत असेल तर ती हिवाळी उदासी. नॉर्मन रोझेनथाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली तिचं वर्णन केलं.

उपाय १०,००० लक्सचा (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) दिवा. उठल्यापासून तासाभरात, ३० मिनिटं, दिवा समोर थोडा वर किंवा बाजूला, डोळे उघडे, पण दिव्याकडे रोखून बघायचं नाही. चहा-नाश्ता करत बसा. फरक एक-दोन आठवड्यांत कळतो आणि वसंतापर्यंत रोज चालू ठेवावा लागतो.

घेताना फसवणूक अशी: खोक्यावर १०,००० लक्स लिहिलेलं असतं, पण ते किती अंतरावर ते बारीक अक्षरांत. तळहाताएवढ्या दिव्याचं अंतर १५ सेंटिमीटर निघालं तर तसं अर्धा तास कोणी बसू शकत नाही. ३०-४० सेंटिमीटरवर तेवढा प्रकाश देणारा मोठा दिवा घ्या, अतिनील किरण गाळणारा. संध्याकाळी वापरलात तर झोप उडते. बायपोलर आजार असेल किंवा घरात असेल तर डॉक्टरांना न विचारता लावू नका, मन दुसऱ्या टोकाला जाऊ शकतं. डोळ्याच्या पडद्याचा आजार असेल तरीही विचारा.

आणि याने ड जीवनसत्त्व मिळत नाही. तो कातडीचा मामला, हा डोळ्यांचा.

ओसरी

पावसाळ्यात कोकणात महिना-महिना ऊन दिसत नाही, तिथे असा दिवा लागेल का?

ध्रुवाखाली

बहुधा नाही. ढग कितीही असले तरी उघड्यावर दिवसा काही हजार लक्स असतात. ट्यूबलाइटच्या खोलीत दोन-तीनशेच्या पुढे जात नाही. डोळ्यांना दोन्ही उजेड सारखेच वाटतात, म्हणून हा फरक लक्षात येत नाही. सकाळचा चहा पडवीत किंवा गॅलरीत घ्या, अर्धा-पाऊण तास. खिडकीच्या आत बसणार असाल तर काचेला चिकटून. दोन मीटर आत सरकलात की प्रकाश फार कमी होतो.

निळी शाई

+१. याला झोपेची जोड द्या. झोपण्याची वेळ ठरवू नका, उठण्याची ठरवा, रविवारसुद्धा तीच. अंथरुणात २० मिनिटांच्या आसपास झोप आली नाही (घड्याळ बघू नका, अंदाजाने) तर उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा, डोळे मिटायला लागले की परत. दुपारची डुलकी २० मिनिटं, तीनच्या आत. चहा-कॉफीतलं कॅफीन निम्मं उतरायला साधारण ५ तास लागतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर त्याच्या जवळपास दुप्पट. संध्याकाळी सहाचा चहा 'काही होत नाही' म्हणणाऱ्यांना झोप लागते, पण ती उथळ असते. दारूचंही तसंच, लवकर झोपवते आणि उत्तररात्री उठवते.

खलबत्ता

आता वनस्पती. मुद्दाम उशिरा लिहितोय, कारण वरचं सगळं सोडून नुसती कॅप्सूल घेणाऱ्यांना फार उपयोग होत नाही.

अश्वगंधा: ताण आणि झोपेसाठी, निखळ उदासीसाठी नव्हे. चाचण्यांत बहुधा मुळाचा अर्क ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ८ आठवडे वापरलेला आहे. चूर्ण वेगळं, त्याची मात्रा ग्रॅममध्ये, परंपरेने ३ ते ६ ग्रॅम दुधासोबत. अर्काचा आकडा चूर्णाला लावू नका आणि उलटही करू नका. लेबलवर 'मूळ' लिहिलेलं बघा, पानं मिसळलेला माल बाजारात आहे. गरोदरपणात नको. थायरॉइड जास्त चालत असेल, यकृताचा आजार असेल, प्रतिकारशक्ती दाबणारी किंवा झोपेची औषधं चालू असतील तर नको. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, कमी आहेत पण आहेत. लघवी गडद, डोळे पिवळे, अंगाला खाज, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी बंद करून तपासणी. डेन्मार्कने २०२३ साली बंदी घातली म्हणून घाबरून जायला नको, पण 'आयुर्वेदिक म्हणजे निर्धोक' हेही खरं नाही.

केशर: सौम्य ते मध्यम उदासीवर चाचण्या झाल्या आहेत, बऱ्याचशा इराणमध्ये. रोज ३० मिलिग्रॅम, ६ ते ८ आठवडे. म्हणजे १ ग्रॅमची डबी सुमारे ३३ दिवस. काड्या मोजून मात्रा जमत नाही, प्रत्येक काडीचं वजन वेगळं. सोपा मार्ग: डबीचे कागदावर अंदाजे ३३ सारखे भाग करून पुड्या बांधा. ओळखायचं कसं? थंड पाण्यात काड्या टाका. अस्सल केशराचा सोनेरी रंग १०-१५ मिनिटांत सावकाश उतरतो आणि काडी लालच राहते. टाकताक्षणी लाल रंग सुटला आणि काडी पांढुरकी पडली तर करडईच्या रंगवलेल्या पाकळ्या किंवा मक्याचे केस समजा. गरोदर बाईला 'बाळ गोरं होतं' म्हणून देतात ती मात्रा आणि ही वेगळी. गरोदरपणात औषधी मात्रेत घेऊ नये. (बाळ गोरं होत नाही, हे सांगायला हवं का?)

ब्राह्मी: या नावाने दोन वनस्पती मिळतात, नीरब्राह्मी आणि मंडूकपर्णी. आपल्याकडे तेलात आणि भाजीवाल्याकडे बऱ्याचदा दुसरी असते. अभ्यास झालेत ते मुख्यतः पहिलीवर आणि तेही स्मरणशक्तीसाठी. पोट बिघडतं, जेवणानंतर घ्या.

जटामांसी शक्यतो घेऊच नका. हिमालयातून ओरबाडली जाते, धोक्यात आहे.

परदेशातून येणारे पाहुणे 'सेंट जॉन्स वर्ट' आणतात. सौम्य उदासीवर ते काम करतं, आणि म्हणूनच धोक्याचं आहे. ते यकृतातली औषध मोडणारी यंत्रणा वाढवतं. त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन, अवयव प्रत्यारोपणानंतरची सायक्लोस्पोरिन, एचआयव्हीची औषधं यांचा असर उतरतो. उदासीच्या गोळीसोबत घेतलं तर सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन प्रमाणाबाहेर जातं: थरथर, घाम, ताप, गोंधळ. कोणतीही गोळी चालू असेल तर ती बाटली उघडू नका.

पारवा

मग गोळी बंद करून हे घेतलं तर?

खलबत्ता

अजिबात नाही. उदासीची गोळी अचानक सोडली की चक्कर, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं वाटणं, चिडचिड, झोप उडणं सुरू होतं आणि आजार उलटण्याची भीतीही असते. ती उतरवायची तर लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीच, टप्प्याटप्प्याने.

आडवाट

लिहून मन मोकळं करण्याबद्दल कोणी लिहिलं नाही. जेम्स पेनेबेकर यांची पद्धत: १५-२० मिनिटं, लागोपाठ ३-४ दिवस, सर्वांत सलणाऱ्या गोष्टीबद्दल, शुद्धलेखनाची फिकीर न करता, कोणाला न दाखवता. नंतर फाडून टाका. लिहून झाल्यावर तासभर मन आणखी उतरतं, ते अपेक्षित आहे, म्हणून कामाला निघण्याआधी लिहू नका. ताज्या आघातावर पहिल्या काही आठवड्यांत हे करू नये. आणि रोज तेच, त्याच शब्दांत उतरत असेल तर ते वर निळी शाईंनी सांगितलेलं दळणच कागदावर आलं, थांबा.

सरळ रेघ

कुठलाही उपाय सुरू करण्याआधी रक्त तपासा. थायरॉइड कमी, हिमोग्लोबिन कमी किंवा बी१२ कमी, तिन्हींत माणूस मरगळलेला आणि उदास दिसतो, आणि तिथे प्राणायाम करून भागत नाही. टीएसएच (थायरॉइडची तपासणी, ते मंद असलं की हा आकडा वाढतो), सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी), बी१२, ड जीवनसत्त्व, साखर एवढं पुरे. 'फुल बॉडी' पॅकेजची गरज नाही.

बी१२ शाकाहारी घरांत हमखास कमी निघतं. मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता. २०० ते ३०० मध्ये लक्षणं असतील तर डॉक्टर बहुधा पुढची तपासणी सांगतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि रोजची अ‍ॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर मांसाहाऱ्यांतही कमी होतं. आधी नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेऊ नका, त्याने रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि नसांचं नुकसान चालू राहतं. तपासणीच्या आधीच बी१२ च्या गोळ्या सुरू केल्या तर आकडा फुगतो आणि मूळ कमतरता कळतच नाही.

ओसरी

केसांसाठी बायोटिन चालू असेल तर त्याचा या तपासण्यांशी काही संबंध?

सरळ रेघ

आहे, आणि नेमका टीएसएचशी. जास्त मात्रेच्या बायोटिनने (केसांच्या गोळ्यांत बरेचदा ५ ते १० मिलिग्रॅम असतं) बऱ्याच यंत्रांवर टीएसएच खोटा कमी आणि टी४ (थायरॉइडचं संप्रेरक) खोटा जास्त दिसतो. म्हणजे थायरॉइड खरोखर मंद असलं तरी रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बंद ठेवा आणि लॅबमध्ये सांगा. काही ठिकाणी बी१२ ची तपासणीही तशाच पद्धतीने होते, तेव्हा दोन्ही एकदमच करून घ्या.